कोबाल्ट क्लोराईड वाळवताना
कोबाल्ट कार्बोनेटवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाल. फेस थांबला की द्रावण गाळून घे आणि मग ते आटव, गुलाबी स्फटिक मिळतील. इथवर सोपं आहे. खरी कसोटी स्फटिकांतलं पाणी काढताना लागते. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हावर विसंबू नकोस, त्यात फार तर काही पाणी जाईल. ओव्हनमध्ये १४० अंशांपर्यंत हळूहळू ने. निळा रंग दिसला म्हणून थांबू नकोस, वजन कर. २.३८ ग्रॅम गुलाबी स्फटिकांचे १.३० ग्रॅम झाले आणि पुढे घटले नाहीत, तरच सगळं पाणी गेलं. मग लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात ठेव, पावसाळ्यात तर नक्कीच.

रचना नीट समजून घे. गुलाबी स्फटिकात दर कोबाल्टमागे पाण्याचे सहा रेणू असले तरी कोबाल्टला चारच जोडलेले असतात, सोबत दोन क्लोराईड. उरलेले दोन रेणू स्फटिकाच्या जाळीत नुसते अडकलेले असतात. पाणी गेल्यावर कोबाल्टभोवती सहा क्लोराईड येतात आणि थर बनतात. निळा म्हणजे चतुष्फलकीय, म्हणजे कोबाल्टभोवती चारच क्लोराईड, असं पुष्कळ मुलं लिहितात. ते संहत हायड्रोक्लोरिक आम्लातल्या द्रावणाबद्दल खरं, या घनाबद्दल नाही.

हातमोजे घाल. कोबाल्ट क्लोराईडची धूळ श्वासात जाऊ देऊ नकोस आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नकोस.