गेट वाजलं म्हणून कुणी चोर ठरत नाही

प्रश्न असा आहे: विश्रामबागमधल्या एका सुपरमार्केटमधून बिल भरून बाहेर पडताना गेट वाजलं. सिक्युरिटीनं आईला (वय ६४) आतल्या खोलीत नेलं, पिशवी टेबलावर ओतली, तिथल्या एका मुलीनं अंग चाचपलं. पर्समध्ये मेडिकलमधून घेतलेली क्रीमची ट्यूब निघाली, तीच चोरलेली ठरवली. पाऊण तास बसवून ठेवलं, पोलीस बोलावण्याची धमकी देऊन माफीनामा लिहून घेतला, दोन हजार रुपये 'दंड' यूपीआयनं भरायला लावले आणि ट्यूबही ठेवून घेतली. मेडिकलचं बिल नंतर घरी सापडलं. आई आता बाहेर पडायला तयार नाही, पोलिसांचं नाव काढलं तरी घाबरते. आमचे हक्क काय?

मी सांगलीच्या कोर्टात वकिली करते. उत्तर लांब होईल, पण आईंना ते पूर्ण वाचून दाखवा. त्यांना चोर ठरवण्याचा अधिकार त्या खोलीतल्या कुणालाच नव्हता. ज्या पोलिसांची भीती घालून कागद लिहून घेतला, ते खरंच आले असते तर आधी दुकानालाच उत्तरं द्यावी लागली असती.

सिक्युरिटी गार्ड गणवेशात असला तरी कायद्याच्या नजरेत तुमच्या-माझ्यासारखाच खासगी नागरिक असतो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. त्यात परवाना, प्रशिक्षण असं सगळं आहे, पण पोलिसांचे अधिकार गार्डला दिलेले नाहीत. खासगी माणसानं कुणाला कधी पकडावं हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास, खटला कसा चालवायचा याच्या कायद्याच्या) कलम ४० मध्ये आहे. गुन्हा त्याच्या समोर घडलेला हवा, तो दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही असा) हवा, आणि पकडलेल्याला विनाकारण वेळ न काढता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. यात संशयाला कुठेही जागा नाही. आईंनी ट्यूब उचलून पर्समध्ये टाकली असं कुणी पाहिलंच नव्हतं, कारण तसं घडलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट फार कमी दुकानदारांना माहीत असते. भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या) कलम ३०३ खाली पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून कलम ३०५ लावता येतं आणि ते मात्र कडक आहे, म्हणून फक्त रकमेवर विसंबू नका. कलम कोणतंही असो, चोरी ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो. एखादी वस्तू ट्रॉलीच्या तळाशी राहून गेली आणि बिलात आली नाही, तर ती विसरभोळेपणाची गोष्ट आहे, चोरी नव्हे.

झडतीबद्दल कायदा आणखी स्पष्ट आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ प्रमाणे खासगी माणसानं कुणाला कायदेशीर पकडलं, तरी झडती घ्यायची ती ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलं त्यानं. स्त्रीची झडती स्त्रीनंच, तीही पूर्ण सभ्यता राखून घ्यायची. दुकानातल्या मुलीनं अंग चाचपलं म्हणून ते नियमात बसत नाही. आईंची मोकळी संमती नसेल तर तो बळाचा गैरवापर आहे. एखाद्या पुरुष गार्डनं अंगाला हात लावला असता, तर त्यातल्या हेतूप्रमाणे न्याय संहितेतलं विनयभंगाचं कलम ७४ सुद्धा आलं असतं. दारात बिल दाखवायला सांगणं यात गैर काही नाही आणि दाखवायला हरकतही नसावी. पण 'पिशवी उघडा' याला ग्राहक नाही म्हणाला, तर पिशवी हिसकावता येत नाही. खरोखर चोरी पाहिली असेल तर दुकानानं पोलिसांना बोलवायचं.

खोलीला कुलूप नव्हतं, मग डांबलं कसं म्हणायचं, असं दुकानवाले म्हणतील. कायद्यात चुकीच्या कैदेचं जे उदाहरण दिलं आहे, त्यात कुलूप नाही. इमारतीच्या दारांवर बंदूकधारी उभे करून 'बाहेर पडलास तर गोळी घालू' असं म्हटलं, तरी ती कैदच. इथे बंदूक नव्हती, पण दारात उभा गार्ड आणि 'सही केल्याशिवाय जाता येणार नाही' एवढं चौसष्ट वर्षांच्या बाईला पुरेसं आहे. न्याय संहितेच्या कलम १२७ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाट अडवण्याचं कलम १२६ वेगळं. दोन्ही दखलपात्र आहेत.

'दंड' या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग येतो. दंड करण्याचा अधिकार न्यायालयाला आणि कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे, कुठल्याही मॅनेजरला नाही. भीती घालून पैसे काढून घेतले तर खंडणीचं कलम ३०८ लागू शकतं, आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे यूपीआयनं दिले हे तुमच्या पथ्यावर पडलं. रक्कम, वेळ आणि खातं, तिन्ही नोंदलेलं आहे. दुकानाच्या खात्याऐवजी कुणाच्या खासगी खात्यात गेले असतील, तर ते फार महत्त्वाचं आहे. आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता गेट. ते वाजतं याचा अर्थ एवढाच की जवळून चोरी रोखण्यासाठी मालाला लावलेला एक जिवंत, म्हणजे बंद न केलेला, टॅग गेला. कॅशियरनं पॅडवर वस्तू नीट फिरवली नाही तर बिल झालेल्या मालाचाही टॅग जिवंत राहतो. दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या कपड्याचा किंवा पुस्तकाचा टॅगही वाजू शकतो. मेडिकलच्या ट्यूबला टॅग असण्याची शक्यता कमी, त्यामुळे गेट बहुधा त्यांनीच बिल केलेल्या एखाद्या वस्तूमुळे वाजलं असावं. त्या दिवशी आणलेला माल फेकू नका. पाकिटांवर, झाकणाखाली चिकटवलेलं चौकोनी लेबल सापडतं का ते पाहा. मेडिकलच्या बिलावर सहसा बॅच नंबर असतो आणि ट्यूबच्या दाबलेल्या टोकाला तोच उमटवलेला असतो. ते दोन जुळले तर बोलायला फारसं काही उरत नाही. म्हणून दुकानानं ठेवून घेतलेली ट्यूब तुमचा पुरावा आहे.

दुकानाला एक पत्र लिहा. घटनेची तारीख आणि अंदाजे वेळ घाला. गेट, बिलिंग काउंटर, आतली खोली आणि तिच्याबाहेरचा पॅसेज इथलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, ट्यूब सीलबंद ठेवा, माफीनाम्याची प्रत द्या, असं मागा. माफीनामा दमदाटीनं घेतला आणि तो आईंना मान्य नाही, हे वाक्य त्यात हवंच. दबावाखाली दिलेल्या कबुलीवर जितका लवकर आक्षेप घ्याल, तितकं ती टिकणं अवघड होतं. पत्र स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून घाई आहे. आईंकडून सगळा प्रसंग त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. कोण काय म्हणालं, कोण कुठे उभं होतं, आजूबाजूला कोण ग्राहक होते. आईंचा फोटो काढून कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला असेल किंवा लोकांसमोर 'चोर' म्हटलं असेल, तर बदनामीचं कलम ३५६ आहे. तेही त्यात लिहा.

मग पोलीस. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केलं आहे. 'आपसात मिटवा' असं ठाण्यात सांगितलं गेलं, तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. नोंदवून घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, आणि तरीही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

खरेदीचं बिल आहे म्हणजे आई ग्राहक आहेत, त्यामुळे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. मनस्तापाची भरपाई तिथे मागता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि वकील सक्तीचा नाही. तुमच्या खरेदीच्या रकमेला दाखल शुल्कही लागणार नाही. डांबून ठेवल्याबद्दलच्या दिवाणी दाव्याची मुदत मात्र फक्त एक वर्ष आहे, आणि कलम १२७ च्या गुन्ह्याची न्यायालयानं दखल घेण्याची मुदतही तेवढीच. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा.

दुकानदारांची बाजू मला कळते. गणपती पेठेतल्या छोट्या दुकानापासून मोठ्या साखळी दुकानापर्यंत माल चोरीला जातो आणि त्याची झळ कधी कधी कामगारांच्या पगारालाही लागते. पण गेट वाजल्यावर ग्राहकासमोर काउंटरवर बिल आणि माल जुळवून पाहायला दोन मिनिटं लागतात. तेवढं केलं असतं तर आईंना त्या खोलीत न्यावंच लागलं नसतं.

राहिली आईंची भीती. ठाण्यात त्यांनी स्वतः जायलाच हवं असं नाही, तक्रार तुम्ही देऊ शकता. तपासात साक्षीदार म्हणून स्त्रीला राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ सांगतं. जबाब घरी येऊन घ्यावा, आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा, अशी विनंती तक्रारीतच लिहा. ठाण्यात जायला दोन दिवस लागले तरी चालेल, फुटेजचं पत्र आजच टाका.