माल्टाला पहिल्यांदा जाताय?

विमानाच्या पाठोपाठ हायपोजियमचं तिकीट काढा. जमिनीखाली खडकात कोरलेली ही सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी. तासाला जेमतेम १० जणांना आत सोडतात. आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत यावं लागेल. राजधानी व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं १६०८ सालचं भलंमोठं चित्र आहे, ते चुकवू नका. जुलै-ऑगस्ट टाळाच, ऊन भाजून काढतं. मे किंवा ऑक्टोबर बरा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण गल्ल्या अरुंद. मी तर बसच धरते. शेजारच्या गोझो बेटावर फेरीबोटीने जा. तिथली प्रसिद्ध ‘अझूर विंडो’ मात्र शोधू नका, ती खडकाची नैसर्गिक कमान २०१७ च्या वादळात कोसळली. भुकेला वाटाण्याचं सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, म्हणजे पास्तित्सी, स्वस्त आणि मस्त. शाकाहारी असाल तर चरबी घातलीय का, तेवढं विचारा.