पट्टा दिसला की रणगाडाच का ओ?

प्रश्न : २६ जानेवारीची परेड टीव्हीवर बघताना मी प्रत्येक गाडीला रणगाडा म्हणतो आणि दहावीतला पोरगा प्रत्येक वेळी चुकलं म्हणून हसतो. ओळखायचं कसं ओ? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पोरगा बरोबर आहे, पण तुम्हीपण एकटे नाही, पट्टे आणि वर तोफ दिसली की सगळेच रणगाडा म्हणतात! सगळ्यात जास्त फसवते ती के-९ वज्र. दिसायला रणगाड्याचा थोरला भाऊ, पण ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी तोफ, १५५ मिमीची, लांब मागे थांबून पार डोंगरापलीकडं गोळे टाकणारी. खूण एकच, बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, कुठं बसलाय ते बघा. वज्रचा बुरूज उंच, डब्यासारखा आणि मागच्या बाजूला, कारण इंजिन पुढं असतं. टी-७२ किंवा टी-९० या खऱ्या रणगाड्यांमध्ये बुरूज बसका आणि साधारण मध्यावर, इंजिन मागं, कारण रणगाड्याला समोरासमोर भिडायचं असतं आणि जेवढं कमी दिसेल तेवढं बरं.

बीएमपी-२ हीपण पट्ट्यांची गाडी, पण रणगाडा नाही. तिच्या तोफेची नळी बघा, बारीक, फक्त ३० मिमी, टी-७२ ची १२५. तिचं मुख्य काम जवान नेणं, ते मागच्या दारातून उतरतात, वजन जेमतेम १४ टन. अर्जुन रणगाडा ओळखायचा तर चाकं मोजा, एका बाजूला ७, टी-७२ ला ६.

टीव्हीवर एवढं मोजायला वेळ मिळत नाही म्हणा, कॅमेरा लगेच हलतो. पोराला घेऊन सरळ नगरचं रणगाडा संग्रहालय गाठा, तिथं जवळ उभं राहून बघता येतं.