म्हशीची पारडं पहिल्या महिन्यातच हगवण लागून दगावतात. काय करावं? (वडोदरा, पादरा रस्ता)

सगळ्यात आधी चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. म्हशीची वार (जार) पडेपर्यंत पारडाला पाजायचं नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत कृपा करून सोडा. पारडू आईच्या पोटातून रोगाशी लढायची शक्ती घेऊन येत नाही, ती चिकातून मिळते. आतडी ती जेमतेम पहिले २४ तास शोषून घेतात, आणि तीही तासागणिक कमी. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांत पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे सुरती जातीच्या म्हशीच्या २५ किलोच्या पारडाला अडीच लिटर, तोही तीन-चार वेळा मिळून. खरवसाची आठवण घरात सगळ्यांना होते. तो पारडाचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा करा.

नाळेला लगेच टिंक्चर आयोडीन लावा.

म्हशीच्या पारडात गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे जंताचं औषध दहा-पंधराव्या दिवशीच लागतं. मात्रा डॉक्टरांना वजन सांगून घ्या.

हगवण लागली तर दूध तोडू नका, उपाशी पारडू लवकर खचतं. दुधाच्या अधल्यामधल्या वेळी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. डोळे खोल गेले, उभं राहवेना किंवा शेणात रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. पावसाळ्यात पारडांची जागा कोरडी ठेवा आणि त्यांना मोठ्या जनावरांपासून वेगळं बांधा. नर पारडांनाही हे सगळं तितकंच करा; त्यांची आबाळ फार होते.