लंडनमध्ये बोंबील, अळू आणि आमसुलं

तुझा निरोप वाचला. सप्टेंबरात तुम्ही दोघं पाचपाखाडीचं बस्तान हलवून लंडनला येताय, ऑफिस कॅनरी वॉर्फला आहे, आणि तुझे प्रश्न तीन: मराठी जेवणाचं हॉटेल कुठं, बॅगेत काय भरायचं, आणि खाण्याची सोय बघून घर कुठं घ्यायचं. जावईबापू बुधवार, शुक्रवार आणि रविवार माशांशिवाय जेवत नाहीत असं तुझी आई म्हणाली, तेव्हा मासळीवर मावशी जरा सैल हातानं लिहिणार आहे.

हॉटेलाचं आधी सांगून टाकते, उगाच आशेवर राहू नकोस. मराठी हॉटेलं इथं जवळजवळ नाहीत. हाउन्स्लोला ‘श्री कृष्ण वडापाव’ आहे, मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी 2010 मध्ये सुरू केलेलं. वडापावची तलफ तिथं भागते. फक्त गजाननची पिवळी चटणी डोक्यात ठेवून जाऊ नकोस, नाहीतर जगातला कुठलाच वडा तुला आवडायचा नाही. बाकी ‘इंडियन’ पाटीची रेस्टॉरंटं गल्लोगल्ली दिसतील. त्यातली बरीचशी सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केलीत. कांद्याची एकच ग्रेव्ही आधी शिजवून ठेवायची आणि तिच्यातूनच कोर्मा, मद्रास, विंडालू काढायचे, असा तिथला कारभार. ऑफिसच्या मंडळींबरोबर शुक्रवारी रात्री जायला मजा येते, पण त्यात वरणभात शोधू नये. आणि खरं सांग, ठाण्यात असताना तरी भरली वांगी आणि अळूचं फतफतं खायला हॉटेलात कोण जायचं? मिसळीला मामलेदार, चाटला प्रशांत कॉर्नर, बाकी सगळं घरी. इथंही तसंच आहे.

म्हणून हॉटेलापेक्षा सामान कुठं मिळतं ते महत्त्वाचं. त्याची एकच युक्ती सांगते: दुकान शोधताना ‘इंडियन’ हा शब्द सोडून दे. आपला तो जिन्नस आपल्याशिवाय आणखी कोण खातं, ते बघ आणि त्यांच्या वस्तीत जा.

बोंबलांचंच घे. बोंबील आपल्याइतकेच प्रेमानं बांगलादेशी लोक खातात, त्यांच्याकडे ‘लोइट्टा’ म्हणतात. त्यांची मोठी वस्ती व्हाइटचॅपलला आणि ते कॅनरी वॉर्फपासून एलिझाबेथ लाइननं एकच स्टेशन. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उतरलीस की फ्रीझरात गोठवलेले बोंबील आणि बाहेर टांगलेली सुकी मासळी, दोन्ही सापडतील. गोठवलेले बोंबील पाणी फार सोडतात. पूर्ण विरघळू दे, मग फडक्यात गुंडाळून वर वरवंट्याइतकं जड काहीतरी ठेव, नाहीतर तव्यावर रव्याचा लगदा होतो. सुक्या बोंबलांची इथं एक गंमत झाली होती. 1997 मध्ये युरोपीय आयोगानं मान्यताप्राप्त कारखान्यातून न आलेल्या बोंबलांवर बंदी घातली. उघड्यावर वाळवलेली मासळी त्यांच्या नियमात बसेना. ब्रिटनमधल्या खवय्यांनी चक्क ‘बोंबील वाचवा’ मोहीम काढली, आपल्या उच्चायुक्तालयानंही मध्ये तोंड घातलं, आणि शेवटी तोडगा निघाला: वाळवा खुशाल उन्हात, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करा. गोऱ्या साहेबाला बोंबलासाठी भांडताना बघायला आपला आजोबा हवा होता.

पापलेट मिळतं, पण गोठवलेलं आणि महाग. सुरमईच्या तुकड्या ‘किंगफिश’ नावानं श्रीलंकन दुकानांत मिळतात. गोठलेला मासा ते करवतीच्या मशीनवर सटासट कापून देतात. बांगडा हवा तर मॅकरल घे. तो आपल्यापेक्षा बराच तेलकट असतो, आमटीत जड होतो, पण तिरफळ घालून सुकं केलं किंवा मसाला लावून भाजला तर झकास. तारलीला इथली सार्डिन चालते. मांदेलीची हौस ‘व्हाइटबेट’वर भागव, पिटुकली मासळी असते, तांदळाच्या पिठात घोळवून अख्खी तळायची. तिसऱ्या महाग पडतात, मसल्स मात्र स्वस्त. त्यांचंच ओल्या खोबऱ्यातलं सुकं कर, पाहुण्याला फरक सांगू नकोस. तळायला ताजा मासा हवा असेल तर सी बास, कुठल्याही सुपरमार्केटात असतो.

आणि तुझ्या ऑफिसला खेटूनच बिलिंग्सगेट आहे, ब्रिटनमधलं मोठं मासळी मार्केट, 1982 पासून त्या जागी. रविवार-सोमवार बंद. बाकी दिवशी पहाटे उघडतं आणि सकाळी साडेआठला आवरतं, म्हणजे ऑफिसच्या आधीच जायचं. घाऊक बाजार असला तरी आपल्यासारख्यांना मज्जाव नाही. पेटीनं घ्यावं लागलं तर दोन-तीन घरांनी वाटून घ्या. चेंदणीच्या कोळणीसारखं कोणी ‘ताई, साफ करून देऊ?’ विचारणार नाही, तेव्हा चांगली सुरी आणि जाड बोर्ड घरी असू दे.

भाजीपाला आणि पिठांसाठी गुजराती वस्ती. वेंब्लीचा ईलिंग रोड म्हणजे अर्धं घाटकोपर. ‘पात्रा’ म्हणजे त्यांच्या अळूवडीसाठी ते लोक अळूची पानं घेतात, म्हणून आपल्यालाही मिळतात. तोंडली, गवार, दुधी, मेथी, ज्वारी-बाजरीचं पीठ, मटकी, वाल, जाडे पोहे, सगळं आहे. ज्वारीच्या पिठाची तारीख बघून घे. जुनं पीठ कितीही उकळतं पाणी घालून मळलंस तरी भाकरीला कडा फुटतात. मिसळीसाठी मटकी आणि शेव तिथलीच चालते, फरसाण मात्र गोडसर निघतं, निवडून घे. शेपू सुपरमार्केटात चार काड्यांच्या डबीत विकतात आणि त्याचे पैसे बघून भाजीवरची वासना उडते. तोच पोलिश किंवा तुर्की दुकानात जुडीनं मिळतो. लाल माठ बांगलादेशी दुकानांत. अंबाडी हवी तर ईस्ट हॅमच्या आंध्राकडच्या दुकानांत गोंगुरा विचार. कुळीथ तमिळ दुकानांत ‘कोळ्ळु’ म्हणून, नाचणीचं पीठ श्रीलंकन दुकानांत ‘कुरक्कन’ म्हणून. खवलेलं ओलं खोबरं त्यांच्याच फ्रीझरात असतं, तेव्हा खवणी आणू नकोस. फणसाच्या भाजीला थाई दुकानातला डबाबंद कोवळा फणस घे, मिठाच्या पाण्यातला, पाकातला नाही. उकडीच्या मोदकांना थाई तांदळाचं पीठ उत्तम. पुड्यावर हत्ती असतो. लाल अक्षरांचं साधं, हिरव्या अक्षरांचं चिकट. गणपतीत घाईघाईत हिरवं उचलू नकोस.

पाव ही दुखरी जागा आहे. स्टॉकवेलला पोर्तुगीज बेकऱ्या आहेत, पण त्यांचे पाव वरून कडक निघतात, लादीपावाचं काम त्यांनी होत नाही. सुपरमार्केटातले साधे पांढरे मऊ रोल घे. ब्रिओश नको, गोड असतो.

हापूस एप्रिल-मेमध्ये ईलिंग रोडला आणि साउथॉलला पेट्यांनी येतो. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपनं आपला आंबा बंद केला होता. त्याच फटक्यात वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. वर्तमानपत्रांत सगळा आरडाओरडा आंब्याचाच झाला, अळूसाठी कोणी एक ओळ लिहिली नाही. आंबा 2015 च्या जानेवारीत मोकळा झाला. हापूस संपला की पाकिस्तानी चौसा येतो. देशाभिमान बाजूला ठेव आणि खाऊन बघ.

आता बॅग. जांभळी नाक्यावर फेरी मारशील तेव्हा डाळी, साबुदाणा, पोहे, रवा, हिंग, पापड यांच्याकडे बघूसुद्धा नकोस, इथं ढिगानं मिळतात. आण ती आमसुलं, भरपूर. शिवाय तिरफळं, गोडा मसाला, मालवणी मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, काळे वाटाणे, सांडगी मिरची. दूध आणि मांस असलेलं काही आणायला भारतातून परवानगी नाही, म्हणजे पेढे, खवा, श्रीखंड, कढवलेलं तूप सगळं ठाण्यातच खाऊन निघायचं. सुकी मासळी स्वतःपुरती आणता येते, पण वास बाहेर येणार नाही अशी बांध, शेजारच्या प्रवाशाची बॅग तुझ्या बॅगेला चिकटून असते. निघण्याच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या साइटवर यादी पुन्हा वाच, नियम बदलत असतात. अजून एक: दुबईवरून विमान बदलणार असाल तर खसखस नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. गोडा मसाला घरचा असेल तर आईला सांग, यंदा खसखशीशिवाय कर.

मिक्सर आण. विजेचा दाब इथंही 230 व्होल्टच आहे, फक्त प्लग बदलायचा. सोऱ्या, पुरणयंत्र आणि मोदकाचा साचाही. कढया-तवे मात्र घर ठरल्यावर. नव्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा इंडक्शन असतं आणि त्यावर ॲल्युमिनियमची कढई तापत नाही.

घर बघताना म्हणूनच स्वयंपाकघरात आधी शीर. गॅस आहे का, खिडकी उघडते का, धूर ओढणारा पंखा बाहेर सोडतो की तिथल्या तिथे फिरवतो, हे विचार. बैठक आणि ओटा एकाच खोलीत असलेले फ्लॅट फोटोत देखणे दिसतात. एकदा सुकट भाजलीस की सोफ्याला आठवडाभर वास. भागांपैकी ईस्ट हॅम-अप्टन पार्क मला तुमच्यासाठी बरा वाटतो. वेस्ट हॅमला गाडी बदलून ऑफिस गाठता येतं, आणि ग्रीन स्ट्रीटवर मासे, भाजी, गोंगुरा सगळं पायी. शिवाय तिथल्या केरळी हॉटेलांतली माशांची आमटी ओल्या नारळाची असते. आंबटपणा आमसुलाचा नाही, कुडमपुळीचा, पण कोकणी माणसाला तीच चव सगळ्यात जवळची. माझं लंडनमधलं आवडतं जेवण तेच आहे, मराठी नसूनही. डोसा खायला टूटिंग, पराठे-लस्सीला साउथॉल. मग थोडं धाडस वाढलं की ग्रीन लेन्सचे तुर्की कबाब आणि किंग्सलँड रोडचं व्हिएतनामी सूप. हॉटेल नवीन असलं की दुपारी जा आणि टेबलांवर कोण बसलंय ते बघ. त्याच देशाची म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन जेवत असतील तर डोळे मिटून आत शीर. बाहेर फलकावर चार देशांची नावं असतील तर पुढे चल.

पुरणपोळी, फराळ, उकडीचे मोदक विकत हवेत तर ते घरगुती करणाऱ्या बायकांकडे. त्यांची नावं महाराष्ट्र मंडळात कळतात. 1932 पासूनचं मंडळ आहे, डॉलिस हिलला, तुझ्या ऑफिसहून ज्युबिली लाइननं थेट. सप्टेंबरात येतेस म्हणजे गणपती किंवा निदान दिवाळी तरी तिथं सापडेल. घरून डबे विकणाऱ्यालाही इथं कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि स्वच्छतेचे शून्य ते पाच गुण मिळतात. इंग्लंडमध्ये ते दारावर लावायची सक्ती नाही, पण नाव घालून ऑनलाइन बघता येतात. हॉटेलांचेही बघत जा. तीनच्या खाली असेल तर मी जात नाही, मग तिथली बिर्याणी कितीही गाजलेली असो.

घराचा पोस्टकोड ठरला की कळव, जवळचा मासळीवाला शोधून ठेवते. आणि येताना माझ्यासाठी पावशेर तिरफळं घेशील ना? माझी संपत आलीत.