पैसे घेतल्यावर ‘आज नको’ म्हणता येईल का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी 13 वर्षांची आहे. चार वर्षं घोडेस्वारी शिकते आहे, घोड्यावरची मांड चांगली आहे असं तिचे सर म्हणतात. तिच्या पागेतल्या दोन मालकांना रोज यायला जमत नाही. आठवड्यातून तीनदा आमचे घोडे फिरव, पैसे देऊ, असं त्यांनी तिला विचारलंय. लेक हरखून गेली आहे आणि माझ्या पोटात गोळा आला आहे. हो म्हणू का?

उत्तर : मी 14 वर्षांची असताना असंच एका घोडीचं काम घेतलं होतं. ‘गरीब आहे, काही करत नाही,’ असं मालक म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. रोज बाहेर निघत होती तेव्हा ती गरीबच होती. पण त्या दिवशी तिला चार दिवस ठाणावरून सोडलं नव्हतं आणि चंदी, म्हणजे दाणा, मात्र रोजच्याइतकीच चालू होती. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तिने कान मागे टाकले. खोगिराखाली पाठ कमानीसारखी ताठली, शेपटी सारखी आपटत होती. मला ते दिसलं, त्याचा अर्थही कळला. तरी मी रिकिबीत पाय घातला. पैसे ठरले होते, न फिरवता परत बांधली तर मालक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या फेरीला तिने मान खाली घालून दुगाण्या झाडल्या आणि मी खांद्यावर आपटले. कॉलरबोन मोडलं.

म्हणून प्रश्न तुमच्या लेकीच्या कौशल्याचा नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर कुणीच ताकदीने आवरत नाही, मोठी माणसंसुद्धा नाही. ते बिथरायच्या आधी ओळखावं लागतं, आणि ओळखल्यावर खाली उतरता यावं लागतं. शिकताना हा निर्णय सर घेतात. पैसे घेतले की तो तिच्यावर येतो, आणि समोर असतात दुप्पट-तिप्पट वयाचे मालक. तेराव्या वर्षी हे ओझं फार आहे.

दोन्ही घोडे तिने एकटीने फिरवावेत, याला माझा स्पष्ट नकार आहे. पण तिचा आनंद मोडूही नका. दोन घोड्यांपैकी जो वयाने मोठा, शिकलेला, तिच्या सरांच्या ओळखीचा असेल, तो एकच घ्या. आधी काही आठवडे नुसता खरारा, खूर साफ करणं, हातात धरून चालवणं. याचेही पैसे मिळायला हरकत नाही, कामच आहे ते. घोडा कशाला बुजतो, तंग आवळताना पोट फुगवतो का (बरेच फुगवतात, म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा तपासायचा), हे जमिनीवर उभं राहूनच कळतं. मग कुंपणाच्या आत, सर समोर असताना स्वारी. बाहेरची रपेट नाही, एकटी तर कधीच नाही. घोडा काही दिवस बांधून असेल तर आधी लांब दोरीवर गोल फिरवून त्याची रग जिरू द्यायची.

हेल्मेट तिचं स्वतःचं, मापाचं हवं. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं. बुटाला टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार फरफटत जातो. अपघात झाला तर विमा कुणाचा, आणि या वयात पैसे घेऊन काम करण्याबद्दल तुमच्याकडचा कायदा काय सांगतो, हे आधी विचारून घ्या.

आणि मालकांशी बोलायला जाल तेव्हा तिलाच विचारू द्या, ‘एखाद्या दिवशी मला घोडा ठीक वाटला नाही आणि मी बसलेच नाही, तर चालेल ना?’ ती विचारत असताना तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.