त्रास नाही, मग तपासणी कशाला?

"वय ५३. तीस वर्षं ट्रम्पेट वाजवतोय. थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही हाडांपर्यंत पोहोचल्यावर. तेव्हापासून बायकोनं माझ्या तपासणीचा धोशा लावलाय. मला त्रास काहीच नाही. मध्यंतरात दोनदा लघवीला जावं लागतं, एवढंच. पण काही निघालं तर ऑपरेशन होणार, लघवी गळणार, मग मंचावर फुंक कशी मारू? नवरा-बायकोच्या नात्याचं काय, तेही मनात येतं. न कळलेलंच बरं नाही का?"
– एक वादक

नाही. तुमच्या बाबतीत तर मुळीच नाही.

'त्रास नाही' यावर तुम्ही विसंबलात, पण हा आजार सुरुवातीला त्रास देतच नाही. मूत्रनलिका प्रोस्टेट ग्रंथीच्या मधून जाते आणि कर्करोग बहुतेकदा सुरू होतो ग्रंथीच्या मागच्या, बाहेरच्या भागात. गाठ लहान असताना नलिकेवर दाबच येत नाही. तुमच्या मध्यंतरातल्या फेऱ्या बहुधा वयाबरोबर ग्रंथीचा मधला भाग फुगल्यामुळे असतील, आणि तो कर्करोग नव्हे. तेव्हा लघवीवरून इकडचा किंवा तिकडचा, कोणताच निष्कर्ष काढू नका. त्यात सख्ख्या भावाला हा आजार आहे, म्हणजे तुमचा धोका साधारण दुप्पट. आईकडे कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बीआरसीए२ या जनुकातला दोष त्या कर्करोगांतही दिसतो आणि प्रोस्टेटच्या कर्करोगातही.

पहिली तपासणी म्हणजे पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण. दंडातून घेतलेलं थोडंसं रक्त, बस. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन, सायकल आणि जोराचा व्यायाम टाळा. लघवीचा संसर्ग झाला असेल तर बरा झाल्यावर सहा आठवडे थांबा. यातलं काहीही आकडा फुगवतं आणि माणूस विनाकारण घाबरतो. उलटही होतं: फुगलेल्या ग्रंथीसाठी देतात ते फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, अगदी केस गळू नयेत म्हणून घेतलेलं असलं तरी, काही महिन्यांत पीएसए जवळपास निम्मा करतं. गोळी चालू असेल आणि सांगितली नाही, तर वाढलेला आकडाही साधा वाटतो. गुदद्वारातून बोटानं करायच्या तपासणीच्या संकोचानं कितीतरी पुरुष पीएसएसुद्धा टाळतात. त्या तपासणीला मिनिटभरही लागत नाही, आणि नकोच असेल तर तसं सांगून फक्त रक्त देता येतं.

ही चाचणी अचूक नाही, हे आधीच ठाऊक असू द्या. पीएसए वाढलेल्या चारांपैकी साधारण तिघांना कर्करोग नसतो, आणि आकडा ठीक असूनही काहींना असतो. म्हणून आकडा वाढला तर आधी तो पुन्हा तपासतात. नंतर एमआरआय, त्यात डाग संशयास्पद दिसला तरच बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं. ती वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून करतात का, हे विचारा. गुदमार्गातून केलेल्या बायोप्सीपेक्षा त्यात संसर्गाची भीती कमी असते.

आता तुमची खरी भीती. 'निघालं म्हणजे ऑपरेशन' हे समीकरण चुकीचं आहे. सौम्य दर्जाची छोटी गाठ असेल तर बहुतेकदा लगेच उपचार करतच नाहीत. ठरावीक काळानं पीएसए, अधूनमधून एमआरआय, गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी, अशी नजर ठेवतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात गाठ ग्रंथीतच असलेले १,६४३ पुरुष होते: काहींवर नजर ठेवली, काहींची शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार दिले. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला तेव्हा तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगानं दगावलेले शंभरात जेमतेम तीन होते. थांबायचं की उपचार घ्यायचे, हे निवडायची सवड लवकर कळलं तरच मिळते.

उशीर झाला की ही सवड राहत नाही. अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांचा हाच आजार १९९० मध्ये कळला तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. १९९३ मध्ये, ५२व्या वर्षी ते गेले. ब्रिटिश गायक रॉड स्ट्यूअर्ट यांचा लवकर सापडला. २०१९ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि गाणंही थांबलं नाही. पसरलेल्या आजारावर डोसिटॅक्सेल हे जे केमोथेरपीचं औषध देतात, त्यानं बोटांची टोकं बधिर होऊ शकतात. ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

समजा, शस्त्रक्रिया करावीच लागली. लघवीची नळी साधारण एक ते दोन आठवडे राहते. ती निघाल्यावर गळती होते आणि बहुतेकांची काही महिन्यांत बरीच कमी होते. फुंकवाद्य वाजवणाऱ्याला इथे खरंच जास्त जपावं लागतं, कारण उंच स्वरासाठी पोटातला दाब वाढतो आणि तोच मूत्राशयावर येतो. म्हणून केगेल व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करा. वारा रोखायला जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, दहापर्यंत मोजायचं, तितकाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, पोट आणि मांड्या ताणू नका. लघवी करताना हा व्यायाम नको. पुढे सर्जननी होकार दिला की बसून खालचे, हलके स्वर धरा आणि फुंक मारण्याआधी स्नायू आवळायची सवय लावा. सुरुवातीच्या कार्यक्रमांना पॅड वापरावं लागलं तर वापरा; काळ्या पँटखाली कुणाला कळत नाही.

नात्याचंही स्पष्टच सांगते. ताठरतेच्या नसा ग्रंथीला चिकटून दोन्ही बाजूंनी जातात. गाठ लहान असेल तर त्या वाचवायचा प्रयत्न करता येतो, तरी ताठरता परतायला दीड-दोन वर्षं लागू शकतात आणि काहींची पूर्ण परतत नाही. वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची जाणीव राहते. गोळ्या आणि पंप असतात. हे दोघांनी मिळून, शस्त्रक्रियेच्या आधी विचारायचं.

म्हणून बायकोला सोबत न्या. त्यापूर्वी भावाला फोन करा: आजार कळला तेव्हाचं वय, बायोप्सीचा ग्लीसन आकडा (गाठ किती आक्रमक आहे ते सांगणारा) आणि जनुकीय चाचणी झाली असल्यास तिचा अहवाल मागून घ्या. तुमचा पीएसए वाचताना डॉक्टरांना हे कागद लागतील.